शाळेचं सॉफ्टवेअर: जुनं ठेवावं, ऑनलाइन घ्यावं की फुकटचं?

मार्च लागला की इंदूरच्या शाळांत सॉफ्टवेअरवाल्यांच्या चकरा सुरू होतात. आपलं सत्र १ एप्रिलला बदलतं, हे त्यांनाही पक्कं ठाऊक असतं. आमच्यासारख्या ट्रस्टच्या, चार-साडेचारशे मुलांच्या शाळेत निर्णय घेतात सचिव आणि मुख्याध्यापिका. निस्तरायचं काम मात्र फीच्या खिडकीत बसणाऱ्याचं. मी त्या खिडकीतला, त्यामुळे तिथून दिसतं तेवढंच सांगतो.

ऑफिसातल्या एका संगणकावर चालणारं जुनं सॉफ्टवेअर वाटतं तेवढं वाईट नाही. नेट गेलं तरी पावती निघते, आणि आमची ऑपरेटर ताई ते डोळे मिटून चालवते. पण बॅकअप म्हणजे ड्रॉवरमधला पेन ड्राइव्ह, आणि नावं सगळी कृतिदेव फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. कुठल्याही संगणकावर नीट दिसणाऱ्या युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घालावेच लागतात. आम्हाला त्यात अख्खी दिवाळीची सुट्टी गेली.

त्यातून आपली मराठी आडनावं. स्कॉलर रजिस्टरात, म्हणजे शाळेच्या दाखल-नोंदवहीत काळे, आधारवर काले, मध्य प्रदेश सरकारच्या समग्र आयडीत तिसरंच काही. आधी हे चालून जायचं. २०२२-२३ पासून यूडायस प्लस या केंद्र सरकारच्या शालेय माहितीच्या पोर्टलवर एकेका मुलाची स्वतंत्र नोंद होऊ लागली, मग प्रत्येक मुलाचा बारा अंकी ओळख क्रमांक, अपार आयडी, आला, आणि त्यासाठी शाळेतलं नाव आधारशी जुळावं लागतं. म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, त्यात रजिस्टरातलं नाव आणि आधारवरचं नाव असे दोन वेगळे रकाने आहेत का ते आधी बघा. ‘आमचं यूडायसशी जोडलेलं आहे’ असं कोणी म्हणालं तर जोडलेलं म्हणजे नक्की काय, हे विचारा. बरेचदा ती एक एक्सेल फाइल असते आणि पोर्टलवर बसून भरायचं काम आपल्याकडेच राहतं.

ऑनलाइन ईआरपीचं, म्हणजे फी-हजेरी सगळं एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं, सुख खरं आहे. पालक घरून यूपीआयने फी भरतात, बाई वर्गातूनच मोबाइलवर हजेरी घेतात. दर मात्र एका मुलामागे वर्षाला असा सांगतात, आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात असतो. शाळेच्या फीवर जीएसटी नाही, त्यामुळे हा भरलेला कर आपल्याला वळता करून घेता येत नाही. तो खर्चातच धरा. दुसरी गोम एसएमएसची. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांमुळे संदेशाचं शीर्षक (पाठवणाऱ्याचं जे छोटं नाव दिसतं ते) आणि मजकुराचा साचा डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या पोर्टलवर नोंदवावा लागतो. ती नोंदणी शाळेच्या नावाने करा. कंपनीच्या नावावर असेल, तर कंपनी सोडली की शीर्षकही गेलं.

आमची फजिती झाली ती फीच्या मागच्या थकबाकीवरून. नव्या कंपनीने नावं, वर्ग, जन्मतारखा बिनचूक आणल्या. फीची बाकी आणली ती नुसता एक आकडा म्हणून. धाकट्या भावंडाची सवलत त्यात कुठेच नव्हती आणि आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, राखीव पंचवीस टक्क्यांतली मुलं थकबाकीदारांच्या यादीत जाऊन बसली. त्यांची फी सरकारकडून येते, हे नव्या सॉफ्टवेअरला कोणी सांगितलंच नव्हतं. एका संध्याकाळी त्या सगळ्या घरांत ‘फी त्वरित भरा’ असा संदेश गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला एक वडील तीन वर्षांच्या गुलाबी पावत्या रबरबँड लावून घेऊन उभे. त्यांनी त्या एकेक करून काचेवर टेकवून दाखवल्या. मी काय बोलणार?

करार एकेका वर्षाचाच करा. इंग्लंडमध्ये सिम्स नावाची प्रणाली हजारो शाळांत होती. तिच्या कंपनीने वर्षाऐवजी एकदम तीन वर्षांचे करार पुढे केले, तेव्हा २०२२ मध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाने चौकशी सुरू केली. शेवटी काही शाळांना वर्षभरात बाहेर पडायची वाट मिळाली. आपल्यामागे कोण आयोग बसणार? तेव्हा सोडताना सगळा डेटा, पावत्यांच्या तपशिलासह, एक्सेलमध्ये किती दिवसांत देणार, हे कराराच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही मुलांच्या माहितीची जबाबदारी शाळेचीच. कंपनीकडे बोट दाखवून सुटका नाही.

फुकटच्या वाटेवर मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं शिक्षणाचं ॲप आहे, हाँगकाँगच्या एका शाळेतून पुढे आलेलं गिबन नावाचं सॉफ्टवेअर आहे. दोन्ही भली कामाची. पण सर्व्हर, अपडेट, बॅकअप सांभाळणारा माणूस शाळेत पगारावर असेल तरच. एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या उत्साहावर ही इमारत उभारू नये. त्याला पुण्यात नोकरी लागते आणि पासवर्डही त्याच्याबरोबर जातो.

तीनशेच्या आत मुलं असतील आणि नावं युनिकोडमध्ये असतील, तर मी जुनंच ठेवीन, फक्त बॅकअप रोज दुसऱ्या इमारतीत नेईन. त्याहून मोठ्या शाळेने ऑनलाइन घ्यावं, पण जानेवारीत ठरवून दोन महिने जुन्या आणि नव्या अशा दोन्ही सॉफ्टवेअरमधून पावत्या फाडाव्यात, आणि जुना संगणक निदान दोन वर्षं भंगारात देऊ नये.

डेमोला मी आता एकच मूल देतो: ऑगस्टमध्ये आलेलं, आरटीईतलं, थोरली बहीण पूर्ण फीवाली, आडनाव काळे. याची टीसी काढून दाखवा म्हणतो. यंदा तिघं येऊन गेले. दोघांनी बिनदिक्कत ‘काले’ टाइप केलं. तिसरा कीबोर्डकडे बघत राहिला, मग हळूच म्हणाला, “सर, ये वाला ळ कहाँ मिलेगा?” त्याला पुन्हा बोलावलंय.