कामाचा ताण: हेडस्पेस, मेडिटो, वायसा की टेली-मानस?

आधी एवढंच बघा की ताण तुम्हाला नेमका कधी गाठतो. मीटिंगच्या आधी छातीत धडधडतं, की रात्री दोनला मॅनेजरचा मेल डोक्यात फिरत राहतो? अ‍ॅप त्यावरून ठरवायचं, स्टोअरवरचे स्टार बघून नाही.

धडधडीसाठी मेडिटेशनवाली अ‍ॅप्स बरी. हेडस्पेस अगदी नवख्यालाही नीट शिकवतं, सेशन छोटी असतात, डेस्कवर हेडफोन लावून उरकता येतात, पण बराचसा माल पैसे भरल्यावरच उघडतो आणि ट्रायल घेतलीत तर ऑटोपे बंद करायचं लक्षात ठेवा, नाहीतर गुपचूप पैसे कटतात. इनसाइट टायमरवर फुकट सेशनचा नुसता ढीग, त्यात निवडत बसणं हेच एक नवीन काम होतं. मला कोणी विचारलं तर मी आधी मेडिटो सांगते, ना-नफा संस्थेचं आहे, सगळं फुकट, जाहिराती नाहीत.

रात्रीच्या विचारांना मात्र नुसता श्वास पुरत नाही. तिथे वायसा. हे बंगळुरूचं, एका पेंग्विनशी चॅट करायचं, खरं नाव द्यावं लागत नाही. ‘उद्या माझी नोकरी जाणार’ असं लिहिलं की ते सीबीटीच्या (विचारांची सवय बदलायला शिकवणारी उपचारपद्धत) पद्धतीने तो विचार तपासायला लावतं, आणि खरंच कधीकधी डोकं जागेवर येतं. पण आहे शेवटी बॉट, लांबलचक भडास काढली की गडबडतं, आणि आपण मराठीत चिडणारी माणसं, इंग्रजीत टाइप करताना अर्धा राग तिथेच विरतो.

टेली-मानसवर माणूस बोलतो, मराठीतही. ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली, नंबर 14416, चोवीस तास, मोफत, आता अ‍ॅपही आहे. झोप उडालीय, जेवण जात नाही असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल तर बाकी अ‍ॅप्स सोडा, सरळ इथे फोन करा. आणि दोघांचं काम एकट्यावर टाकलंय हे दुखणं असेल तर यातलं काहीच लागू पडणार नाही, ते मॅनेजरशीच बोलावं लागतं.

राहिलं कंपनीने दिलेलं अ‍ॅप. फुकट म्हणून मोह होतो, पण डेटा कुणाकडे जातो ते आधी वाचा. अमेरिकेत बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या कंपनीवर युजर्सची माहिती फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याचा ठपका आला आणि 2023 मध्ये 78 लाख डॉलरवर प्रकरण मिटवावं लागलं. त्यामुळे ऑफिसच्या मेल आयडीने लॉगिन मागणाऱ्या अ‍ॅपवर मी फारतर प्राणायाम करीन, मॅनेजरबद्दल एक अक्षर लिहिणार नाही.