गूगल सर्च कन्सोल: नागपुरात एसईओचं काम करणाऱ्यांसाठी

एसईओ, म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर आणण्याचं काम, शिकायला निघालेल्यांनी महागडं टूल घेण्याआधी सहा महिने फक्त सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गूगल शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं टूल, वापरावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. ते फुकट आहे म्हणून नव्हे. बाकीची टूल्स अंदाज बांधतात, इथले आकडे खुद्द गूगलचे असतात. मात्र ते मोजतात कसे हे कळलं नाही, तर क्लायंटला भलतंच सांगून बसाल.

साइट जोडताना 'डोमेन' प्रॉपर्टीच (पूर्ण डोमेनची नोंद) घ्या, म्हणजे सगळे सबडोमेन एकत्र दिसतात. त्यासाठी डीएनएसमध्ये (डोमेनच्या पत्त्यांची नोंदवही) टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे मालकी सिद्ध करणारी मजकुराची नोंद, टाकावा लागतो आणि नवशिके इथेच अडकतात. डोमेन एकीकडून घेतलेलं असतं, नेमसर्व्हर, म्हणजे ती नोंदवही ठेवणारे सर्व्हर, होस्टिंगवाल्याचे असतात. रेकॉर्ड डोमेनवाल्याच्या पॅनेलमध्ये टाकला, तर तो कोणी वाचतच नाही. दुसरी चूक म्हणजे होस्टच्या रकान्यात पूर्ण डोमेन लिहिणं. बरीच पॅनेल्स डोमेन स्वतःच जोडतात, मग नाव दोनदा येतं आणि पडताळणी होत नाही. तिथे फक्त @ टाका. काम हातात आलं त्याच दिवशी प्रॉपर्टी जोडा, कारण मोजणी जोडल्यापासूनच सुरू होते.

परफॉर्मन्स रिपोर्ट, म्हणजे कोणत्या शोधातून किती क्लिक आले ते दाखवणारा रिपोर्ट, हा या टूलचा जीव. नागपुरात लोक एकच वस्तू मराठीत, हिंदीत आणि रोमन लिपीत शोधतात, त्यामुळे इथला रेजेक्स (अक्षरांच्या नमुन्यावरून शोध निवडणारा) फिल्टर सोन्यासारखा आहे. क्वेरी (लोकांनी टाइप केलेला शोध) फिल्टरमध्ये 'कस्टम' निवडा आणि [अ-ह] एवढंच लिहा. देवनागरीत टाइप केलेले सगळे शोध वेगळे होतात. संत्र्यांचा धंदा असेल तर संत्र|संतर लिहा. मराठी 'संत्री' आणि हिंदी 'संतरे' एकाच यादीत येतात आणि कोणत्या भाषेत पान कमी पडतंय ते लगेच दिसतं.

आता खटकणारी गोष्ट. वरच्या आलेखातले क्लिक आणि खालच्या तक्त्याची बेरीज जुळत नाही. दोन-तीन महिन्यांत काही डझन लोकांनीही टाइप न केलेले शोध गूगल गोपनीयतेसाठी लपवतं. ते एकूण आकड्यात धरले जातात, तक्त्यात येत नाहीत. 'धरमपेठेत फॉल-बिडिंग' असे गल्लीबोळातले शोध नेमके यातच जातात. म्हणून लहान दुकानाच्या साइटवर क्वेरीपेक्षा पानांचा तक्ता पाहा. क्वेरीचा फिल्टर लावला की एकूण आकडाही घसरतो. तो तोटा नव्हे, हे क्लायंटला आधीच सांगा.

'सरासरी क्रमांका'वर, म्हणजे शोधाच्या निकालात पान सरासरी कितव्या जागी दिसलं त्यावर, पगारवाढ ठरवणाऱ्यांनी हे गणित करावं. १०० वेळा पान चौथ्या क्रमांकावर दिसलं, सरासरी ४. पुढच्या महिन्यात तेच टिकलं, शिवाय नव्या शोधांसाठी १०० वेळा चाळिसाव्यावर दिसू लागलं, तर सरासरी २२. काम सुधारलं, आकडा बिघडला. एकेक क्वेरी उघडूनच बोला.

तारखांचाही घोळ आहे. रोजचा हिशेब अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार होतो. त्यांचा दिवस आपल्याकडे उन्हाळी वेळेत दुपारी १२:३० ला बदलतो, हिवाळ्यात १:३० ला. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी लाकडी नंदी शोधणाऱ्यांचे क्लिक रिपोर्टमध्ये आदल्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या तारखेला पडतात. सणाची जाहिरात आणि शोध यांची सांगड घालताना दोन्ही दिवस एकत्र धरा.

यूआरएल तपासणी, म्हणजे एकेका पानाची गूगलकडची स्थिती पाहणं, उत्तम. फक्त वर दिसतं ते गूगलच्या साठ्यातलं जुनं चित्र असतं. दुरुस्ती केल्यावर 'लाइव्ह टेस्ट' चालवा. नवी वर्डप्रेस साइट इंडेक्स होत नसेल, म्हणजे गूगलच्या यादीत येत नसेल, तर आधी 'सेटिंग्ज'मधलं 'रीडिंग' पाहा. साइट बनत असताना शोध इंजिनांना दूर ठेवणारी टिकमार्क लावतात आणि नंतर काढायची राहते. टिकमार्क काढून एकदाच इंडेक्सिंगची विनंती करा. तीच विनंती दहादा केल्याने रांगेत पुढचा नंबर लागत नाही. नोइंडेक्स (पान यादीत घेऊ नका, अशी पानातली सूचना) लावलेलं पान रोबोट्स फाइलमध्येही (गूगलने कोणती पानं उघडू नयेत ते सांगणारी फाइल) अडवलं असेल, तर गूगल ते उघडतच नाही आणि नोइंडेक्स त्याला दिसतच नाही.

आकडे १६ महिन्यांचेच राहतात आणि तक्त्यात १,००० ओळीच दिसतात, म्हणून दर महिन्याला एक्स्पोर्ट करून ठेवा. कोअर वेब व्हायटल्सचा, म्हणजे पानाचा वेग आणि वापराची सोय मोजणारा, रिपोर्ट लहान साइटला बहुधा रिकामाच मिळतो, पुरेसे पाहुणे नसतात. सीताबर्डीतल्या दुकानाला नकाशावरून आलेले फोन इथे येत नाहीत, ते बिझनेस प्रोफाइलमध्ये (गूगल नकाशावरची दुकानाची नोंद) पाहावे लागतात.

सर्च कन्सोलमधली मालकी दुकानदाराच्याच ईमेलवर ठेवा. एजन्सीला 'फुल' यूजर पुरतो. एजन्सी बदलताना नुसतं नाव काढून भागत नाही. सर्व्हरवरची एचटीएमएल फाइल, पानातला मेटा टॅग आणि डीएनएसमधला जुना रेकॉर्ड, यांतलं त्या एजन्सीचं जे असेल तेही पुसा, नाहीतर ती पुन्हा पडताळणी करून आत येऊ शकते.