जीसीसी कंपायलर, दोन प्रोसेसर आणि उलव्याच्या प्लॉटचा आठवा कोपरा

"वहिनी, प्लॉटला कोपरे सात आहेत, कागदावर आठ कसे आले?"

भावजींचा हा फोन उलव्याहून आला तेव्हा मी वाशीच्या ऑफिसात होते. भावजी मोजणीची कामं घेतात: उलवे, तळोजा, पनवेल. टोटल स्टेशनवरून (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्रावरून) आलेली फाइल घेऊन क्षेत्रफळ, बाजू आणि दिशाकोन काढणारा सी भाषेतला प्रोग्राम माझा. नऊ वर्षं तो एका इंटेलच्या डेस्कटॉपवर चालला. मग मी रास्पबेरी पाय ५ हा आर्म प्रोसेसरवर चालणारा संगणक घेतला. लहानसा, वीज कमी खाणारा, दिवे गेले तरी यूपीएसवर बराच वेळ तग धरणारा. प्रोग्राम त्यावर जीसीसी १२ ने, म्हणजे सी कोडचं प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरने, नव्याने कंपाइल केला. एकही वॉर्निंग नाही. हा रिव्ह्यू त्या जीसीसीचा आहे, आणि मुख्यतः आपण काहीच सांगितलं नाही तर तो स्वतःहून जे धरून चालतो त्याचा.

आठवा कोपरा कुठून आला ते आधी सांगते. हद्द बंद करायला फाइलमध्ये पहिला बिंदू शेवटी पुन्हा लिहिलेला असतो. क्षेत्रफळासाठी प्रत्येक लगतच्या जोडीचा तिरका गुणाकार घ्यायचा: पहिल्याचं ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर) गुणिले दुसऱ्याचं नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर), वजा दुसऱ्याचं ईस्टिंग गुणिले पहिल्याचं नॉर्दिंग. दोन्ही बिंदू एकच असतील तर उत्तर शून्य. शून्य आलं की माझा प्रोग्राम तो बिंदू गाळायचा. डेस्कटॉपवर नऊ वर्षांत ही तपासणी एकदाही चुकली नाही. पायवर तिथे शून्य आलंच नाही.

मी डीबगरमध्ये, म्हणजे प्रोग्राम पायरीपायरीने तपासायच्या साधनात, शोधायला बसले आणि चूक गायब. ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करायला कंपायलरने केलेले बदल) बंद ठेवून, म्हणजे ‘-ओ०’ ने कंपाइल केलं की सात कोपरे. ते चालू ठेवून ‘-ओ२’ ने केलं की आठ. त्या संध्याकाळी मी पाच ओळींचा वेगळा प्रोग्राम लिहिला. बाहेरून दोन संख्या घ्यायच्या, अ गुणिले अ वजा ब गुणिले ब छापायचं. दोन्हीकडे ०.१ दिलं. डेस्कटॉप म्हणाला ०. पायने जे छापलं त्यात दशांशचिन्हानंतर अठरा शून्यं होती आणि मग ८३३.

पायचं उत्तर बिघडलेलं नाही, हे कळायला मला रात्र लागली. ६४ बिटच्या आर्म प्रोसेसरमध्ये गुणाकार आणि बेरीज-वजाबाकी एका दमात करणारी सूचना (इन्स्ट्रक्शन) पहिल्यापासून आहे, तिला एफएमए म्हणतात. नेहमीच्या पद्धतीत गुणाकार होतो, तो ५३ बिटांत बसवायला राउंड होतो, मग वजाबाकी होते आणि पुन्हा राउंडिंग. एफएमएमध्ये गुणाकार पूर्ण लांबीचा ठेवून वजाबाकी होते आणि राउंडिंग शेवटी एकदाच. एकट्या गुणाकारासाठी हे जास्त अचूक आहे. पण माझ्या सूत्रात गुणाकार दोन. एक आधीच राउंड झालेला, दुसरा न कापता पूर्ण. दुकानदाराने एका बिलातले पैसे सोडले आणि दुसऱ्यातले धरले, तर दोन्ही बिलं सारखी असूनही फरक उरणारच. ते ८३३ म्हणजे ०.१ च्या वर्गाच्या राउंडिंगमध्ये गेलेला तुकडा आहे, नेमका तेवढाच.

दोन्ही प्रोसेसर नियमानेच चालतात. आयईईई ७५४ हे संगणकावरच्या दशांश गणिताचं मानक १९८५ चं, आणि २००८ च्या आवृत्तीत एफएमए त्यात आलं. फरक कंपायलरने गृहीत धरलेल्या गोष्टीत आहे. जीसीसीचा डिफॉल्ट ‘-एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=फास्ट’ आहे, म्हणजे गुणाकार-वजाबाकी जोडता येईल तिथे जोड. डेस्कटॉपवरही हाच डिफॉल्ट होता. पण साध्या ६४ बिट इंटेलसाठी कंपाइल करताना जीसीसी एफएमए आहे असं मानत नाही, कारण ती सूचना इंटेलकडे २०१३ च्या हॅसवेलपासून आली. जोडायला सूचनाच नव्हती म्हणून परवानगी नऊ वर्षं पडून राहिली. उद्या कोणी वेगासाठी ‘-एमआर्क=नेटिव्ह’ (याच मशीनच्या सगळ्या सूचना वापर) टाकलं तर माझ्या जुन्या डेस्कटॉपवरही आठवा कोपरा उगवेल.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते पुढे. ‘-एसटीडी=सी१७’ असं काटेकोर मानक मागितलं तर जीसीसी सी भाषेसाठी हे जोडणं आपणहून बंद करतो. काहीच मागितलं नाही तर जीसीसी १२ ‘जीएनयू१७’ (त्याच मानकाचं जीसीसीचं स्वतःचं रूप) धरतो आणि जोडणं चालू. भाषेची आवृत्ती निवडल्याने क्षेत्रफळाचे शेवटचे आकडे बदलावेत, हे मला अजूनही पटत नाही. काटेकोर मानकाने माझं काम भागलंही नाही, कारण तिथे ‘एम_पाय’ (गणितातला π) हा स्थिरांक मिळत नाही आणि दिशाकोनांना तो लागतो.

क्लँग हा दुसरा सी कंपायलरही लावून पाहिला. १४ व्या आवृत्तीपासून त्याचा डिफॉल्ट ‘ऑन’ आहे: एकाच सूत्रात दिसलं तर जोडतो, दोन वेगळ्या विधानांत लिहिलं तर हात लावत नाही. माझं सूत्र एका ओळीत असल्याने शून्य तिथेही आलं नाही. पण दोन गुणाकार वेगळ्या ओळींत नावं देऊन ठेवले की क्लँग ऐकतो. जीसीसी ‘फास्ट’वर असताना ऐकत नाही. या एका बाबतीत क्लँग मला जास्त सरळ वाटला, वाचणाऱ्याला कोड पाहून अंदाज करता येतो.

ज्यांना वाटतं की अठराव्या शून्यानंतरचं कोण बघतं, त्यांच्यासाठी आमचे आकडे. उलव्यात ईस्टिंग साधारण २ लाख ९१ हजार मीटर, नॉर्दिंग २१ लाखांच्या जवळ. गुणाकार ६१ हजार कोटींच्या घरात. एवढ्या मोठ्या जागी दोन लगतच्या डबल (६४ बिटांत साठवलेल्या दशांश) संख्यांमधलं अंतर ०.०००१२ असतं. म्हणजे प्रत्येक गुणाकारात ०.००००६ चौरस मीटरपर्यंत इकडेतिकडे. आम्ही क्षेत्रफळ तीन दशांशांपर्यंत छापतो. त्याच प्लॉटवर डेस्कटॉपचा तिसरा दशांश ५ होता आणि पायचा ४. जमिनीवर याचा अर्थ नखाएवढाही नाही. पण एकाच प्लॉटचे दोन कागद दोन आकडे दाखवतात तेव्हा समोरचा माणूस राउंडिंगचा विचार करत नाही, तो मोजणाऱ्यावर संशय घेतो. भावजी उन्हात प्रिझम धरून उभे राहिलेले असतात. त्यांच्या कामावर माझ्या कंपायलरच्या डिफॉल्टमुळे बोट उठलेलं मला चालणार नाही.

दुरुस्ती दोन जागी केली. मेकफाइलमध्ये (कंपाइल करायच्या सूचनांच्या फाइलमध्ये) ‘-एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ’, दोन्ही मशीनसाठी. आणि प्रोग्राममध्ये सगळ्या बिंदूंतून आधी पहिला बिंदू वजा करते, मग गुणाकार. लाखांऐवजी पंचवीस-तीस मीटरचे आकडे उरतात आणि राउंडिंगचा त्रास तिथेच मिटतो. हे मी नऊ वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. पुन्हा आलेला बिंदू आता थेट कोऑर्डिनेट जुळवून गाळते. एफएमए बंद केल्याने वेग किती गेला म्हणाल, तर शंभर प्लॉटच्या लेआउटलाही मला जाणवला नाही.

जीसीसी मी सोडणार नाही. फुकट आहे, दोन्ही प्रोसेसरवर तोच मिळतो, आणि हा डिफॉल्ट त्याने लपवलेला नाही, मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलाय. पण नवा प्रोसेसर घेऊन जुना हिशोबी प्रोग्राम त्यावर नेणाऱ्यांनी हा पर्याय पहिल्याच दिवशी स्वतः लिहावा, आणि ‘-एफफास्ट-मॅथ’ला तर हातच लावू नये. त्यात बेरजेचा क्रमही बदलायची मुभा असते.

शनिवारी जुन्या चाळीस प्लॉटच्या फाइली दोन्ही मशीनवर चालवून निकाल डिफला, म्हणजे दोन फाइलींतला फरक दाखवणाऱ्या प्रोग्रामला, दिले. डिफने एकही ओळ छापली नाही. उलव्याचा कागद सात कोपऱ्यांसह भावजींना पाठवला.