कॅनॉलची बोट: इंग्लंड की फ्रान्स?

चाळीसगावचे आमचे साडूभाऊ तीन आठवड्यांपासून मागं लागलेत, की तुम्ही दोन्हीकडं जाऊन आलात तर सांगा ना, बोट भाड्यानं घेऊन स्वतः चालवायची, आठवडाभर तिच्यातच राहायचं, लॉकमधून चढत-उतरत जायचं, तर इंग्लंड बरं का फ्रान्स? (केरळ नको म्हणे, तिथं बोट दुसराच चालवतो आणि आपण नुसते मासे खात बसतो.)

जामद्याच्या पाटावर वाढलेल्या माणसाला लॉक समजावायला वेळ लागत नाही. दोन्हीकडून दारं असलेला लांबट हौद समजा. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरच्या अंगाची झडप उघडायची, पाणी भरतं तशी बोट वर येते. पंप नाही, मोटर नाही. दोन पाखांची दारं व्ही आकारात, टोक वरच्या पाण्याकडं करून भेटतात, म्हणून पाण्याचा दाबच त्यांना गच्च धरून ठेवतो, आतबाहेर पाणी सारखं झाल्याशिवाय दहा माणसं लावा, हलत नाहीत.

इंग्लंडात हे सगळं बहुतेक ठिकाणी तुम्हालाच करायचं. आम्ही वेल्सच्या हद्दीवरच्या लँगोलेन कॅनॉलवर होतो. बोट 6 फूट 10 इंच रुंद आणि लॉक 7 फूट, म्हणजे दोन्ही अंगाला अक्षरशः इंचभर जागा. लायसन लागत नाही, स्पीड तासाला जास्तीत जास्त 4 मैल, सुकाणू डावीकडं ढकललं की बोट उजवीकडं जाते, हे डोक्यात शिरायला पहिला दिवस गेला. झडपा उघडायला एल आकाराची लोखंडी चावी असते, तिला विंडलास म्हणतात. ग्रिंडली ब्रूकला सहा लॉक आहेत, त्यातले तीन पायऱ्यांसारखे एकाला एक जोडलेले, तिथं आमच्या भाच्याच्या हातातून ती निसटली आणि डुबुक! मग उरलेल्या एकाच चावीवर आठवडा काढला, दोन्ही काठांच्या झडपा फिरवायला सारखं पूल ओलांडून तिकडं, नि परत इकडं. उतरताना एक सांभाळा, वरच्या दाराखाली दगडी उंबरा असतो, बोटीचं मागचं टोक त्याच्यावर राहिलं तर पाणी उतरतं आणि बोट तोंडावर कलंडते.

पण पाँटकसल्तेचा जलसेतू बघितला की सगळं वसूल. 1805 चा, 307 मीटर लांब, लोखंडी पन्हाळीतून बोट जाते, एका बाजूला पायवाट नि कठडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, 38 मीटर खाली नदी. आमच्या सौ. आत जाऊन बसल्या त्या पलीकडं पोचल्यावरच बाहेर आल्या.

फ्रान्सचा कॅनाल द्यु मिदी आरामाचा. 1666 ते 1681 मध्ये बांधला, 240 किलोमीटर, लॉक बरेचसे लंबगोल. इथं दारं तिथं बसलेला माणूस चालवतो नाहीतर ती बटणावर चालतात, तुम्ही फक्त दोर धरायचा, तोही पक्का बांधायचा नाही, पाणी उतरेल तसा सोडत जायचा, नाहीतर बोट लटकेल. सुकाणूच्या जागी गाडीसारखं स्टिअरिंग. बेझिए गावाशी फोनसेरान म्हणून जागा आहे, तिथं लॉकची आख्खी उतरंड आहे, सुमारे 21 मीटरची, चढायच्या-उतरायच्या वेळा ठरलेल्या, चुकलात तर बसा. आणि दुपारी जेवणाला लॉक बंद! हिवाळ्यात तर कॅनॉलच बंद. काठची प्लेन नावाची झाडं रोगानं बरीच तोडावी लागलीत, म्हणून ब्रोशरमधली सावली सगळीकडं मिळेल असं धरू नका.

स्वयंपाकघर दोन्हीकडं आहे. भरताची हिरवी वांगी मात्र कुठंच नाहीत, जांभळ्यावर भागवा, आणि थेट गॅसवर भाजलीत तर धुराचा अलार्म कोकलतो, अनुभव आहे.

खर्चाचं म्हणाल तर भाडं आख्ख्या बोटीचं असतं, सहा जण झाले तर परवडतं, शाळेच्या सुट्टीत महाग. व्हिसा मात्र वेगवेगळे, ब्रिटनचा वेगळा आणि फ्रान्सला शेंगेन, म्हणून दोन्ही एका ट्रिपमध्ये उरकायच्या भानगडीत पडू नका.

आई येणार असतील तर साडूभाऊ, त्यांच्या गुडघ्यांकडं बघून मिदीच घ्या, कास्तेलनोदारीहून कार्कासोनकडं उतरतीनं जा, चढताना लॉकमध्ये पाणी फार खळखळतं. पोरांना घेऊन जाणार असाल तर डोळे झाकून इंग्लंड. फक्त विंडलास एक जास्तीची मागून घ्या, नि भाच्याच्या हातात देऊ नका.