पेठेतल्या खोलीत ख्याल मुद्रित करताना : रीपर, दोन माइक आणि एक इंटरफेस

घरच्या घरी गाणे मुद्रित करण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर आणि कोणती यंत्रे घ्यावीत, या प्रश्नाची बहुतेक उत्तरे गिटार किंवा कीबोर्ड वाजवणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून दिलेली असतात. कोल्हापुरात हा प्रश्न विचारणाऱ्यांमध्ये ख्याल, नाट्यगीत आणि भजन गाणारे व शिकवणारेही बरेच असतात. १८८३ साली स्थापन झालेला गायन समाज देवल क्लब ज्या गावात आहे आणि अल्लादियाखाँसाहेब ज्या गावात दरबारगायक होते, तेथे हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. या मंडळींना मुद्रित करायचे असते ते एक आवाज, एक पेटी, तानपुरा आणि जमल्यास तबला एवढेच. याच गरजेच्या मापाने मी शिवाजी पेठेतील राहत्या घरी वापरत असलेल्या संचाचे हे परीक्षण करीत आहे. संचात रीपर हे सॉफ्टवेअर, फोकसराइट कंपनीचा स्कार्लेट २आय२ हा इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात पोहोचवणारे यंत्र), शुअर एसएम५७ व ऑडिओ-टेक्निका एटी२०२० हे दोन माइक आणि कान पूर्ण झाकणारा एक हेडफोन आहे.

प्रथम सॉफ्टवेअरविषयी. रीपर हे कॉकोस या छोट्या कंपनीचे आहे आणि संगणकावर गाणी ऐकण्याचा विनॅम्प हा प्रोग्राम बनवणारे जस्टिन फ्रँकेल हेच त्याचे कर्ते आहेत. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, जुन्या लॅपटॉपलाही जड जात नाही, आणि ६० दिवस कोणतीही सोय न कापता संपूर्ण वापरून पाहता येते. वैयक्तिक वापरासाठी त्याचा परवाना ६० डॉलरना, म्हणजे पाच हजार रुपयांच्या पुढेमागे मिळतो. दर महिन्याला भाडे भरण्याची भानगड नसल्यामुळे शिकवणीच्या उत्पन्नावर घर चालवणाऱ्या माणसाला हा हिशेब परवडतो. ऑडॅसिटी हे मुद्रणाचे दुसरे सॉफ्टवेअर तर पूर्णपणे फुकट आहे, आणि नुसता एक आवाज मुद्रित करून मागचापुढचा भाग कापायचा असेल तर मी तेच सुचवीन. परंतु पेटी आणि आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर (स्वतंत्र ध्वनिपट्ट्यांवर) घेऊन नंतर त्यांचा तोल सावकाश, पुन्हा पुन्हा बदलत साधायचा असेल, तर रीपरमध्ये काम अधिक सुटसुटीत होते.

रीपरचा दोष असा की पहिल्यांदा उघडल्यावर ते नवख्या माणसाला अजिबात हात देत नाही. समोर करडा पडदा, शेकडो आज्ञांचे मेनू, आणि वापरायला तयार वाद्यांचे एकही भांडार नाही. कीबोर्डवरून बासरी-व्हायोलिन काढू पाहणाऱ्याची त्यामुळे निराशा होईल. आपल्याला या उणिवेने काही बिघडत नाही, कारण आपली वाद्ये खरी असतात. बिघडते ते दुसऱ्याच ठिकाणी. रीपर प्रत्येक नवे काम मिनिटाला १२० ठोके आणि चार मात्रांचा गट धरून सुरू करते व मुद्रित ध्वनी त्या ठोक्यांना बांधून ठेवते, त्यामुळे नंतर कोणी सहज लय बदलली तर मुद्रित भाग ताणला जातो किंवा जागचा हलतो. विलंबित एकतालातील ख्यालाला या ठोक्यांचा काडीचाही उपयोग नसल्याने प्रोजेक्ट सेटिंगमध्ये जाऊन टाइमबेस हा पर्याय ‘बीट्स’वरून ‘टाइम’वर आणावा आणि ठोक्यांचा आवाज बंद करावा. दुसरे असे की, काम आधी नाव देऊन जतन न करता मुद्रण सुरू केले तर सर्व फाइली ‘डॉक्युमेंट्स’मधील ‘रीपर मीडिया’ नावाच्या एकाच फोल्डरमध्ये जाऊन पडतात आणि महिनाभराने कोणता यमन कोणाचा, हे ओळखता ओळखता नाकी नऊ येतात.

फाइलींच्या आकाराचीही आधीच कल्पना असावी. २४ बिट (प्रत्येक नमुन्याची अचूकता) आणि ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने, म्हणजे सॅम्पल) या मापाने एक ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीहून थोडी अधिक जागा घेतो, म्हणजे तासाभराच्या बैठकीचे दोन ट्रॅक सुमारे एक जीबी व्यापतात. इंटरफेसच्या खोक्यावर १९२ किलोहर्ट्झ छापलेले असते म्हणून तेच मापन निवडण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्याने फाइल चौपट होते आणि घरच्या खोलीत मुद्रित केलेल्या गाण्यात ऐकू येईल असा फरक पडत नाही.

स्कार्लेट २आय२ मध्ये दोन माइक लागतात, कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणाऱ्या, वीज लागणाऱ्या) माइकला तारेतूनच द्यावी लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर मिळते आणि संपूर्ण यंत्र यूएसबीच्या तारेतूनच वीज घेते. या शेवटच्या गुणाचे मोल कोल्हापुरात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. दिवे गेले तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर मुद्रण चालूच राहते. किंबहुना गल्लीतले पंखे, मिक्सर आणि टीव्ही एकदम गप्प झाल्यामुळे माझी काही सर्वांत स्वच्छ मुद्रणे महावितरणच्या कृपेनेच झाली आहेत.

गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येणे, ही नवख्यांची नेहमीची तक्रार असते. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी साठवून मग हाताळतो तो आवाजाचा तुकडा) ठेवला तर केवळ त्या बफरचाच विलंब ५.३ मिलिसेकंद होतो, आणि आवाज संगणकात जाऊन परत कानापर्यंत येताना तो दुपटीच्याही पुढे जातो. भराभर तान घेणाऱ्याला एवढे अंतरही खटकते. यावर इंटरफेसमध्येच तोड आहे. डायरेक्ट मॉनिटरचे बटण दाबले की आवाज संगणकाकडे न वळता थेट हेडफोनमध्ये येतो. त्या वेळी रीपरमधील ट्रॅकचे मॉनिटरिंग आठवणीने बंद करावे लागते, नाही तर तोच आवाज किंचित मागून दुसऱ्यांदा ऐकू येतो आणि यंत्र नादुरुस्त आहे असा समज होतो.

आता माइकांकडे वळतो, कारण खरेदीत पैसे वाया जातात ते मुख्यतः येथेच. कंडेन्सर माइक म्हणजे स्टुडिओचा माइक आणि म्हणून तोच चांगला, असे दुकानात हमखास सांगितले जाते. येथील दुकानांचा भर मंडप आणि कीर्तनाच्या ध्वनियंत्रणेवर असल्याने घरगुती मुद्रणाची माहिती विक्रेत्याला असेलच असे नाही. मलाही एका विक्रेत्याने खोली कशी आहे, हे न विचारताच महागडा कंडेन्सर पुढे केला होता. माझा एटी२०२० हा कंडेन्सर माइक आपल्या किमतीत उत्तम आहे. आवाजातला बारकावा, खर्जातला श्वास आणि तानपुऱ्याची जवारी तो फार सुरेख टिपतो. मात्र तो तितक्याच इमानाने शेजारच्या कुकरची शिट्टी, भाजीवाल्याचा भोंगा आणि जून ते सप्टेंबर पत्र्यावर कोसळणारा पाऊसही टिपतो. एसएम५७ हा १९६५ पासून चालत आलेला डायनॅमिक माइक, म्हणजे फँटम पॉवर न लागणारा, कमी संवेदनशील प्रकार. तो तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवला की समोरचे घेतो आणि लांबचे बरेचसे सोडून देतो. वरच्या पट्टीतील चकाकी त्यात कमी येते आणि त्याला इंटरफेसचा गेन (माइकचा आवाज वाढवण्याचे बटण) बराच चढवावा लागतो, तरीही पेठेतल्या रस्त्यालगतच्या घरासाठी माझी पहिली पसंती त्यालाच आहे. उपनगरात, आतल्या बाजूला शांत खोली असेल त्याने खुशाल कंडेन्सर घ्यावा. गणेशोत्सवात डॉल्बी सुरू झाल्यावर दोहोंपैकी कोणताही माइक कामाचा नाही, हे वेगळे सांगायला नको.

पेटीसाठी मी एटी२०२० वापरतो. तो भात्याच्या बाजूला ठेवला तर प्रत्येक सुराबरोबर धापा ऐकू येतात आणि पट्ट्यांच्या अगदी वर ठेवला तर बोटांची टकटक. वादकाच्या समोरच्या बाजूने, दीड-दोन फूट अंतरावर आणि पेटीच्या माथ्यापेक्षा थोडा उंच धरून तो खाली झुकवला की सूर भरीव येतो. गायकाची पाठ या माइकच्या पाठीकडे येईल अशी बैठक मांडता आली, तर आवाज पेटीच्या ट्रॅकमध्ये कमी झिरपतो. इलेक्ट्रॉनिक तानपुरा खोलीत मोठ्याने न लावता हेडफोनमधूनच ऐकावा आणि नंतर स्वतंत्र ट्रॅकवर भरावा.

खोलीची व्यवस्था यंत्रांइतकीच महत्त्वाची आहे आणि तिला खर्च जवळजवळ शून्य येतो. उघड्या भिंती आणि फरशी असलेल्या खोलीत आवाज घुमतो, व तो घुमारा कोणतेही सॉफ्टवेअर नंतर नीट काढू शकत नाही. फोमचे तुकडे मागवण्यापेक्षा गायकाच्या पाठीमागे दोरीवर दोन जाड घोंगड्या टाकाव्यात, खाली जाजम व गादी घालावी आणि खोलीच्या नेमक्या मध्यभागी किंवा कोपऱ्यात बसू नये. घोंगडीची दाट लोकर वरच्या पट्टीतील प्रतिध्वनी चांगला शोषते. जुन्या घरांत आणखी एक त्रास संभवतो. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर लॅपटॉपचा चार्जर असेल तर मुद्रणात बारीक गुणगुण येते; चार्जर काढताच ती थांबली, तर दोष माइकचा नाही हे समजावे व तारतंत्र्याला बोलवावे.

रीपरसोबत येणाऱ्या साधनांपैकी रीईक्यू (आवाजातील खालचे-वरचे भाग कमीजास्त करणारे साधन) सर्वाधिक उपयोगी पडते, मात्र त्याच्या वापराविषयी सर्वत्र दिला जाणारा सल्ला आपल्या गाण्याला जसाच्या तसा लागू होत नाही. आवाजाच्या ट्रॅकवरील ८० ते १०० हर्ट्झखालचा भाग सरसकट कापावा, असे सांगतात. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज धरून) गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो, म्हणजे त्याचा मंद्र पंचम १०४ हर्ट्झच्या आसपास आणि मंद्र षड्ज ६९ हर्ट्झवर येतो. अशा गायकाची आलापी मंद्रात उतरते तेव्हा तो कापलेला भाग म्हणजे गाण्याचा पायाच असतो, म्हणून त्याच्यासाठी ही मर्यादा ५५-६० वर ठेवावी. काळी पाचमध्ये गाणाऱ्या स्त्रीचा मंद्र पंचमही १७५ हर्ट्झच्या आसपास असल्याने तिच्या बाबतीत १०० वर कापले तरी काही जात नाही. पंख्याची घरघर काढणारे रीएफआयआर अगदी हलक्या हाताने वापरावे. थोडे जास्त झाले की आकाराच्या शेवटी सुटणारा श्वासही पुसला जातो आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो. सूर दुरुस्त करणाऱ्या रीट्यूनच्या वाटेला ख्यालगायकाने जाऊच नये, कारण ते मींड आणि आंदोलन यांना चूक समजून जवळच्या पट्टीवर आणून बसवते.

या संचाची खरी मर्यादा दोन माइकांची आहे. तबला आला की आवाजाला एक, पेटीला एक आणि तबला-डग्ग्याला निदान एक, असे तीन माइक लागतात, आणि तेथे स्कार्लेट २आय२ चे हात टेकतात. नियमित साथसंगत असणाऱ्या गायकाने, भजनी मंडळाने किंवा शाहिरी पथकाने सुरुवातीलाच बेरिंगर यूएमसी४०४एचडीसारखा चार माइकांचा इंटरफेस घ्यावा. त्याला वेगळा वीजपुरवठा लागतो, तेव्हा तो इन्व्हर्टरच्या सॉकेटवरच जोडावा. एकट्याने रियाज मुद्रित करणाऱ्यांनी किंवा विद्यार्थ्यांना बंदिशी पाठवणाऱ्यांनी मात्र चार माइकांच्या नादी लागू नये. त्यांनी स्कार्लेट २आय२ व एसएम५७ घ्यावेत, रीपर ६० दिवस बिनपैशाचे वापरून पाहावे, आणि दुसरा माइक घ्यायचा की नाही हे पावसाळा संपल्यावर ठरवावे.