१६ ग्रॅमसाठी १०० ग्रॅमची पुडी

परवा पुडी उघडली तर आत पावडर नव्हतीच, ढेकूळ होतं.

कार्बेन्डाझिम १२ टक्के अधिक मॅन्कोझेब ६३ टक्के, ती सगळीकडे मिळते तीच बुरशीनाशक पावडर. ऑर्किडच्या पानांवर काळे डाग दिसायला लागले म्हणून जूनमध्ये फोंड्याहून आणली, १३० रुपयांना १०० ग्रॅम. प्रमाण लिटरला २ ग्रॅम. माझ्याकडे कुंड्या अकरा, लिटरभरात सगळ्या न्हाऊन निघतात. पंधरा दिवसांनी एक अशा आजवर आठ फवारण्या झाल्या. म्हणजे संपले १६ ग्रॅम. उरलेल्या ८४ ग्रॅमचं काय लोणचं घालू?

आणि पुडीला परत बंद करायची सोयच नाही. एकदा तोंड कापलं की कायमचं उघडं. जिऱ्याच्या पाकिटालाही हल्ली चेन असते, विषाच्या पुडीला नाही! रबरबँड लावला, तो जुलैत चिकट होऊन तुटला. मग कपड्यांचा चिमटा. इथे पावसाळ्यात कपाटातल्या चामडी पट्ट्याला बुरशी धरते, तिथे चिमट्याचा काय पाड? बरं, आत मोजायला चमचाही नाही. २ ग्रॅम मोजण्यासाठी छोटा डिजिटल काटा घेतला, २५० रुपयांचा. औषधापेक्षा वजनकाटा महाग.

औषधाबद्दल सांगायचं तर पहिल्या महिन्यात मी याला एक तारा दिला असता. दोन फवारण्या होऊनही डाग जसेच्या तसे. चूक माझी होती. मेलेला पेशीभाग परत हिरवा होत नाही, बघायचं ते नवं पान. ऑगस्टमध्ये डेंड्रोबियमला (हा ऑर्किडचाच एक प्रकार) तीन कोंब आले, त्यांची पानं आजही स्वच्छ आहेत. जुन्या पानांवर आधी खालच्या बाजूने पिवळे ठिपके यायचे, मग ते जांभळट-काळे होऊन खचायचे. नव्यांवर तसलं काही नाही. औषधाला किती श्रेय द्यायचं कोण जाणे, कारण त्याच सुमारास मी कुंड्या बाल्कावात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, हलवल्या होत्या आणि संध्याकाळचं पाणी बंद करून सकाळी घालायला लागलो होतो. रात्रभर पानं ओली राहिली की बुरशीला आमंत्रणच.

फॅलेनॉप्सिस या दुसऱ्या ऑर्किडवर मात्र हे औषध ढिम्म. तिथले डाग पाणी भरल्यासारखे, बोटाने दाबले तर मऊ, भोवती पिवळी कडा, आणि चार दिवसांत पान अर्धं गेलं. मी आपला 'बुरशी, बुरशी' म्हणून फवारत बसलो. लक्षणं बघता तो जिवाणूंचा रोग असावा, आणि त्यावर बुरशीनाशक म्हणजे तापावर खोकल्याचं औषध. शेवटी ब्लेड स्पिरिटने पुसून, डागाच्या पुढचा थोडा हिरवा भागही घेऊन पान कापलं, कापल्या जागी दालचिनीची पूड लावली आणि आठवडाभर पानांवर पाण्याचा थेंब पडू दिला नाही. झाड वाचलं. (दालचिनी मुळांना लावू नका, ती सुकतात.)

मध्ये शेजारचे काका म्हणाले, "कशाला पैसे घालतोस? कुळागरातलं बोर्डो उरलंय, ने बादलीभर." मोरचूद आणि चुन्याचं ते निळं पाणी कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, सुपाऱ्या कुजवणाऱ्या कोळेरोगावर उत्तम. पण मोरचूद म्हणजे तांबं, आणि डेंड्रोबियमला तांबं सोसत नाही, पानं करपतात. फुकट होतं म्हणून बादली घेऊन अंगणापर्यंत आलो होतो, खोटं कशाला बोलू. तिथे आठवलं, तसाच परत गेलो.

पंपाचं एक सांगतो. ही पावडर पाण्यात विरघळत नाही, नुसती तरंगते आणि तळाला बसते. सतत हलवलं नाही तर नोझल तुंबतं. कालवलेलं त्याच दिवशी संपवायचं. हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच.

साडेतीन तारे. कापलेला दीड फक्त पुडीचा. २५ ग्रॅमची पुडी काढली असती तर पाच दिले असते.

ते ढेकूळ फोडून वापरण्यात अर्थ नाही, ओलावा लागला की मॅन्कोझेबचा जोर जातो. बाजूलाच विहीर, त्यामुळे कुठेही ओतता येत नाही. १३० रुपये आठवले की टाकवतही नाही. सध्या पुडीसकट एका पत्र्याच्या डब्यात घालून पंपाशेजारी वरच्या फळीवर ठेवलंय. पावडर पिवळट, म्हणून आईने डब्यावर खडूने लिहिलंय, 'बेसन न्हय'.