सौर पॉवर बँक: भटकंतीत कितपत उपयोगी?

एका बाजूला मोबाइलएवढे सौर पॅनेल, आत 20,000 एमएएचची बॅटरी, कोपऱ्यात टॉर्च आणि अडकवायला एक कडी, अशा स्वरूपाची पॉवर बँक सध्या दीड ते अडीच हजार रुपयांत सर्रास मिळते. एकच वस्तू वेगवेगळ्या नावांचे शिक्के मारून विकली जात असल्याने हे परीक्षण एखाद्या विशिष्ट कंपनीचे नसून या प्रकाराचे आहे, असे समजावे. सह्याद्रीतील गडांवर आणि स्पितीच्या प्रवासात ती वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, पॉवर बँक म्हणून ती ठीक आहे. मात्र ‘सौर’ या विशेषणासाठी चार पैसेही जास्त मोजू नयेत.

याचे कारण साध्या गणितात आहे. भर दुपारी, आकाश निरभ्र असताना, एक चौरस मीटर जागेवर साधारण 1,000 वॉट एवढी सूर्याची ऊर्जा पडते. पॉवर बँकेवरचे पॅनेल फार तर 14 सेंटीमीटर लांब आणि 7 सेंटीमीटर रुंद असते, म्हणजे त्याच्या वाट्याला दहा वॉटच्या आसपास ऊर्जा येते. आणि चांगल्या प्रतीचा सौर घटही (सोलर सेल) त्यातील पाचवा हिस्साच विजेत रूपांतरित करू शकतो. उरतात जेमतेम दोन वॉट, तेही सूर्य अगदी समोर असताना. प्रत्यक्षात एक-दीड वॉटवर समाधान मानावे लागते. 20,000 एमएएचची बॅटरी 3.7 व्होल्टच्या हिशेबाने 74 वॉट-तासांची असते. दिवसाला पाच तास कडक ऊन मिळाले असे धरले, तरी ती केवळ सूर्यावर पूर्ण भरायला दहा दिवसांहून अधिक काळ लागेल, आणि इतके दिवस पॉवर बँक उन्हात पापडासारखी वाळत घालून बसणारा प्रवासी मी तरी पाहिलेला नाही. पूर्ण रिकामी करून दिवसभर उन्हात ठेवलेल्या माझ्या पॉवर बँकेने संध्याकाळी 5,000 एमएएचचा फोन सुमारे पाव भरला. संकटात दोन-चार फोन करायला एवढे पुरते, हे मान्य केले पाहिजे. पण त्यावर गडावरच्या चार दिवसांचे नियोजन करता येत नाही.

जाहिरातीत ही पॉवर बँक पाठीवरच्या सॅकला लटकलेली दाखवतात, तेव्हा तर हे गणित आणखी बिघडते. सॅकवर पॅनेल उभे लटकते, आणि आपल्याकडे मे महिन्यात सूर्य डोक्यावरून जातो. पुण्या-मुंबईत ज्या सुमारास शून्य सावली दिवस येतो, त्या दिवसांत भर दुपारी उभ्या पॅनेलवर थेट ऊन जवळपास पडतच नाही. उरलेल्या वेळी चालणाऱ्याची दिशा, त्याची स्वतःची सावली आणि भीमाशंकरसारख्या भागातील गर्द झाडी यांतून जे मिळेल ते मिळेल. पॅनेलमधील घट एकामागोमाग एक जोडलेले असल्यामुळे एका कोपऱ्यावर पट्ट्याची सावली पडली तरी पूर्ण पॅनेलचा प्रवाह घटतो. आषाढी वारीला जाणाऱ्यांनीही ही वस्तू सूर्याच्या भरवशावर घेऊ नये. ढगाळ हवेत तिचे उत्पन्न एकदशांशापर्यंत खाली येऊ शकते, आणि मुक्कामाच्या ठिकाणी एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर दहा-बारा चार्जर लटकलेले असतात, तिथे रांगेत उभे राहणेच अधिक फलदायी ठरते.

पॅनेल उजेडात नेताच लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्याबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे, कारण विश्वास बसतो तो त्याच्यावरच. हा दिवा घरातल्या ट्यूबलाइटखालीही लागतो. पॅनेलला थोडाफार व्होल्टेज मिळत आहे एवढेच तो सांगतो; बॅटरीत किती भर पडते आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. भरणा दाखवणारे चार निळे ठिपके त्याच्याच शेजारी असतात आणि दिवसभर उन्हात ठेवूनही त्यांत फरक पडलेला दिसत नाही, कारण एक ठिपका म्हणजे बॅटरीचा चौथा हिस्सा.

त्याहून गंभीर दोष रचनेतच आहे. वीज मिळवायची तर पॅनेल उन्हात हवे, आणि लिथियम बॅटरी टिकवायची तर ती उन्हापासून दूर हवी. इथे मात्र दोन्ही एकाच काळ्या डबीत, एकमेकांना चिकटून बसवलेली आहेत. या बॅटऱ्या साधारण 45 अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नयेत असा दंडक आहे. उन्हाळ्यात कातळावर ठेवलेली ही डबी थोड्याच वेळात हातात धरवत नाही इतकी तापते. वर सिलिकॉनचे पॅनेलही तापले की कमी वीज देते, म्हणजे तोटा दुहेरी. गाडीच्या पुढच्या काचेमागे ती ठेवणे हा तर सर्वांत वाईट उपाय होय, कारण बंद गाडीत उष्णता कोंडते आणि काचेमुळे उजेडही घटतो.

सौर भाग बाजूला ठेवून पाहिले तर वस्तू वाईट नाही. रूपांतरातील घट वजा जाता 20,000 एमएएचमधून फोन अडीच ते तीन वेळा पूर्ण भरतो, आणि शनिवार-रविवारच्या हरिश्चंद्रगडाला तेवढे पुष्कळ होते. टॉर्च गुहेत किंवा तंबूत कामाची आहे. धुळीपासून बचाव म्हणून दिलेली रबराची टोपी मात्र काही महिन्यांत सैल होऊन लोंबू लागते, आणि ‘जलरोधक’ हा शब्द मग छापापुरताच उरतो. पाच व्होल्ट, दोन अँपिअरच्या साध्या इनपुटने ती भरायला पूर्ण रात्र जाते, त्यामुळे घरून निघतानाच ती भरून नेलेली बरी. पायथ्याच्या गावात रात्री वीज असेलच याची खात्री नसते.

ज्यांना खरोखरच अनेक दिवस विजेपासून दूर राहायचे आहे, त्यांनी साधी पॉवर बँक आणि वेगळे घडीचे सौर पॅनेल अशी जोडी घ्यावी. 28 वॉट म्हणून विकले जाणारे घडीचे पॅनेल उघडले की छोट्या सतरंजीएवढी जागा घेते, आणि स्वच्छ उन्हात एका यूएसबी तोंडातून मला मीटरवर दहा वॉटच्या आसपास सातत्याने मिळाले. म्हणजे दोन चांगल्या दिवसांत पॉवर बँक भरते, आणि ती स्वतः सॅकच्या सावलीत, केबलच्या दुसऱ्या टोकाला थंड राहते. फोन थेट पॅनेलला जोडू नये. ढग आला की चार्जिंग तुटते, ढग सरला की पुन्हा सुरू होते आणि काही फोन ते सुरूच करत नाहीत. स्पितीसारख्या उंच, कोरड्या प्रदेशात ही जोडी उत्तम चालते, कारण तिथे ऊन प्रखर आणि हवा थंड असते. तिथली अडचण उलटी असते: शून्याखालील तापमानात लिथियम बॅटरी चार्ज करणे तिला हानिकारक असल्याने रात्री पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपावे आणि सकाळी ऊन चढल्यावरच पॅनेलला जोडावी. पॅनेलचा खर्च वेगळा चार-सहा हजारांचा आहे, त्यामुळे वर्षातून एखादाच ट्रेक करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

तरीही अंगावर पॅनेल असलेलीच घ्यायची असेल, तर आधी वजन पाहावे. खऱ्या 20,000 एमएएचच्या पॉवर बँकेचे वजन चारशे ग्रॅमच्या आसपास भरते. त्याहून हलक्या डबीवर 50,000 छापले असेल तर तो आकडा खोटा समजावा. पॉवर बँकेला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. विमानाने जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, ती हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, आणि 100 वॉट-तासांच्या वर विमान कंपनीची परवानगी लागते. 20,000 एमएएचची पॉवर बँक या मर्यादेत बसते. 30,000 एमएएचची मात्र 111 वॉट-तासांची होते आणि परवानगी नसेल तर सुरक्षा तपासणीत अडू शकते. घडीच्या पॅनेलमध्ये बॅटरीच नसल्याने त्याला हा नियम लागू होत नाही.